धरावे की मारावे?

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची जी हकिकत आज सर्वांना ठाऊक आहे, तिचा बराचसा भाग खुनाला एक-दोन पिढ्या उलटल्यावर लिहिला गेला. बारामती-इंदापूर पट्ट्यात, पिंपळीसारख्या गावातही, कोणी शब्द फिरवला की ‘धचा मा केला’ म्हणतात. ते वाक्य या उशिरा लिहिलेल्या भागातले.

३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी, म्हणजे भाडोत्री पहारेकरी, शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव नजरकैदेतल्या काकांकडे, राघोबादादांकडे, धावले आणि त्यांच्यासमोरच मारले गेले. येथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो हुकुमाचा: तो धरण्याचा होता की मारण्याचा.

इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन तेव्हा पुण्यातच होता. त्याची रोजनिशी १९३४ साली छापून निघाली. तो परका, त्यातून कंपनीचा फायदा पाहणारा. पण कानावर आले ते त्याच दिवसांत टिपत होता. पेशव्यांचे सोयरे असलेल्या बारामतीकर नाईकांचे तसे नव्हते. बाबूजी नाईकांचे बंधू आबाजी हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे पती. म्हणजे राघोबादादा त्या घराचे भाचे. अशा घरात बातमीबरोबर बाजूही येते. सोयरिकीमुळे माणूस साक्षीदार ठरत नाही, हे जुन्या घराण्यांतल्या आठवणी वाचताना पुष्कळदा विसरले जाते.

‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची गोष्ट ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात आहे. खून झाला तेव्हा डफचा जन्मही झालेला नव्हता. त्याच्या वृत्तांतात दोन विधाने एकाला एक लागून येतात, आणि ती वेगळी करायला हवीत. न्यायाधीश रामशास्त्र्यांच्या चौकशीत मिळालेल्या कागदावर शब्द बदललेला होता, हे एक. तो राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी बदलला अशी सर्वांची समजूत आहे, हे दुसरे. पहिले विधान पुराव्याविषयी आहे, दुसरे केवळ समजुतीविषयी. डफने हा फरक राखला; नंतरच्यांनी तो पुसला.

शिवाय ‘धरावे’ हा शब्द आला कोठून? आपण पकडण्याचा हुकूम दिला, मारण्याचा नाही, असे दादांनीच रामशास्त्र्यांपाशी सांगितले. म्हणजे हा आरोपीचा बचाव. पुढे त्याचीच लोककथा झाली आणि दादांचा निम्मा दोष बायकोच्या पदरात पडला. ‘धचा मा’ म्हणताना आणखी एक गोष्ट नजरेआड होते: नुसता ध खोडून म लिहून भागत नाही, पुढे काना घालायला जागा लागते. एवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही. पण ज्यांच्या तोंडी ती आहे, त्यांनी कागद पाहिलेला नाही हे उघड आहे.

रामशास्त्र्यांनी मात्र दादांनाच दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. दादांविरुद्ध एकत्र आलेल्या सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांना, म्हणजे बारभाईंनाही, दादाच दोषी हवे होते. त्यांना नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटातल्या मुलासाठी गादी राखायची होती. तेव्हा त्यांच्या बाजूचे कागदही निर्मळ मनाने वाचता येत नाहीत. १७९६ ते १८१८ गादीवर आनंदीबाईंचाच मुलगा होता. त्याच्या आईविषयीच्या कथेला मोकळे तोंड फुटले ते बहुधा पेशवाई बुडाल्यावर, जेव्हा बुडण्याला कोणीतरी कारण हवे होते. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने १९०९ साली तिला रंगभूमी दिली, आणि आता आठवण कोणती नि प्रवेश कोणता हे सांगणे अवघड झाले आहे.

‘काका, मला वाचवा’ ही आरोळीही याच कसोटीला लावावी. ती जवळून ऐकणारे जे वाचले, ते मारेकरी आणि काका. जिवाच्या आकांताने धावणारा पुतण्या असे ओरडला असेल, यात अशक्य काही नाही; पण नेमके शब्द कोणी जपले, याचे उत्तर मिळत नाही. त्याच झटापटीत चाफाजी टिळेकर नावाचा नोकर धन्याच्या अंगावर पडला आणि मारला गेला. ही हकिकतही डफनेच दिली आहे, तितकीच उशिरा. तरी ती अधिक भरवशाची वाटते, कारण चाफाजीच्या मरणाने दादांचा दोष घटत नाही, बारभाईंचा दावा वाढत नाही आणि आनंदीबाईंवर काही येत नाही.