पानकापीची रुजुवात

गेल्या भाद्रपदात आमच्या कर्वेनगरातील गच्चीवरच्या गुलाबाच्या पानांना कडेने काप पडू लागले, आणि ते इतके नितळ व एकमेकांशी इतके जुळणारे होते की एखाद्या कसबी शिंप्याने माप घेऊन बेतावेत. मी अळीची शंका धरून फवारणीचे औषध आणावयास निघालो असता, कीटकांच्या वर्गीकरणाचा अभ्यास करणारी आमच्या शेजारची मुलगी जिन्यात भेटली, वर आली, पान उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, “काका, औषध मारू नका. हे पान कुणी खाल्लेलं नाही, कापून नेलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, ऊन कुंड्यांवर आले तेव्हा, नेणारी दिसली. मधमाशीहून किंचित लहान, काळसर, पोटावर फिकट केसांचे पट्टे असलेली ती माशी पानाच्या कडेवर पाय रोवून बसली, जबड्याने स्वतःभोवती अर्धवर्तुळ कापीत गेली, आणि तुकडा सुटण्याच्या क्षणी पंख चालवून त्याच्यासह हवेत तरंगली. मांडवासाठी आणून उरलेल्या बांबूच्या एका पोकळ तुकड्यात ती शिरली. तिला राणी नाही, पोळे नाही, मदतीस बहिणी नाहीत. लांबट तुकड्यांची भिंत, पराग आणि मधुरस यांचा मळलेला गोळा, त्यावर एक अंडे आणि गोल तुकड्यांचे झाकण, अशी एकामागून एक दालने ती एकटीच रचते. आतल्या दालनांत बहुधा माद्यांची अंडी असतात आणि दाराशी नरांची, कारण अंडे फलित करावयाचे की नाही हे घालतेवेळी तिच्या हाती असते आणि अफलित अंड्यातून नर निपजतो.

जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जीवजाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अशाच एकांड्या आहेत, ही गोष्ट पोळे आणि मध यांखेरीज माशीचा विचार न करणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्यास नवीन होती. मी साहजिकच शेजारच्या मुलीला हिचे नाव विचारले. “मेगाकाइली एवढं नक्की,” ती म्हणाली, “पुढचं सांगायचं तर रुजुवात करावी लागेल.” तिचे आजोबा तलाठी होते, आणि मुकाबला करून नोंद पक्की करण्यासाठी हा दप्तरी शब्द तिच्या घरात अजून वापरात आहे. पुढचे चार महिने मी त्या रुजुवातीचा साक्षी झालो.

बांबूचे तोंड हिरव्या चकत्यांनी बंद झाल्यावर तिने तो तुकडा काचेच्या रुंद नळीत ठेवून कापसाचा बोळा लावला. हे करण्यामागे मोठे कारण होते. पानकापी माश्यांत नर आणि मादी यांचे रूप पुष्कळदा इतके भिन्न असते की जुन्या संशोधकांनी एकाच जीवजातीच्या दोघांना दोन निरनिराळी नावे देऊन ठेवली आहेत. फुलावर वेगवेगळे पकडलेले दोन जीव एका घरचे आहेत हे सिद्ध करणे कठीण, परंतु एकाच बांबूतून बाहेर पडलेल्या भावंडांचा संबंध सिद्ध करावा लागत नाही. घरटे हाच त्यांचा जन्मदाखला. महिन्याभराने प्रथम दाराशी असलेले तीन नर निघाले, नंतर दोन माद्या, आणि एका दालनातून टोकदार पोटाची एक परकी माशी निघाली, ती सीलिऑक्सिस; हिची आई पानकापीच्या घरट्यात चोरून अंडे घालते आणि अळी दुसरीच्या कष्टाचा शिधा खाऊन वाढते.

त्या भावंडांपैकी एक मादी आणि एक नर यांना रासायनिक वाफेच्या बरणीत जाताना पाहून माझे मन कष्टी झाले, आणि ते मी तिला सांगितलेही. तिने वाद घातला नाही. उरलेल्यांना गच्चीवर सोडून दिले आणि मेलेल्या दोघांसाठी इतकी काळजी घेतली की माझ्या मनातला सल पुष्कळसा निवळला: केस ओलसर राहून चिकटू नयेत म्हणून त्यांना धुऊन मंद वाऱ्यावर वाळवले, टाचणी छातीच्या मध्यातून न घालता किंचित उजवीकडून घातली, म्हणजे मध्यरेषेवरील खुणा आणि डावी बाजू अभंग राहावी.

मग सूक्ष्मदर्शकाखालचे काम सुरू झाले. मादीच्या मिशीचे भाग बारा, नराच्या तेरा. पंखात शिरांनी आखलेल्या उपकडेच्या कोठड्या दोन, तीन नव्हेत. नखांच्या बेचक्यात गादी नाही. पराग वाहणारे केस मागच्या पायांवर नसून पोटाखाली. इथवर कुळाची आणि घराण्याची ओळख. खरी तफावत पुढे लागते, आणि ती मोजताना एक संध्याकाळ एकेका अवयवावर जाते. मादीच्या जबड्याला दात किती आणि कोणत्या दोन दातांमध्ये कापण्याची धार आहे. चेहऱ्यावरच्या ढालीची खालची कड सरळ की मधोमध खाचलेली. तिच्यावरचे सूक्ष्म टोचे एकमेकांना खेटून आहेत की मध्ये एका टोच्याच्या रुंदीइतकी गुळगुळीत जागा आहे. नराच्या पुढच्या पायांची टोके रुंद व फिकट आहेत काय, हेही पाहावे लागते, कारण कित्येक जातींत मीलनसमयी नर त्यांनी मादीचे डोळे झाकतो. शेवटी नराच्या पोटाच्या टोकातील लपलेले पट्ट आणि जननांग सोडवून, क्षारात मऊ करून, ग्लिसरीनच्या चिमुकल्या कुपीत त्याच टाचणीवर ठेवतात. डोळ्यांना दिसणारे रंग आणि पट्टे सर्वांत अविश्वसनीय, कारण उन्हाने केस विटतात आणि वयाने झडतात. झाकलेला कठीण भागच खरी साक्ष देतो.

मी समजत होतो की नवी जीवजाती रानात सापडते. ती टेबलावर सापडते, आणि तीही नकाराच्या मार्गाने, म्हणजे आजवर नोंदलेल्या प्रत्येक नातलगाशी मुकाबला करून, हा तो नव्हे, हाही तो नव्हे, असे लेखी ठरवल्यानंतर. नामकरणाच्या नियमांची कालमर्यादा १७५८ साली, लिनिअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपाशी सुरू होते आणि पहिल्या नावाचा हक्क श्रेष्ठ मानला जातो. त्यामुळे सी. टी. बिंगहॅम यांचा १८९७ सालचा ब्रिटिश हिंदुस्थानातील गांधीलमाश्या व मधमाश्यांवरील खंड आजही तिच्या उशाशी असतो. त्या काळी वनखात्यात अधिकारी असलेले आणि मुंग्यांचे जाणकार आर. सी. रॉटन यांनी पुण्यात कीटक गोळा करून तज्ज्ञांकडे पाठवले होते, त्यामुळे जुन्या पानांत ‘पूना’ हे स्थळ अवचित भेटते आणि आमचा हा परिसर तेव्हा कसा होता याची जिज्ञासा होते. याच परिसरातील हिंगण्याच्या माळावर महर्षी कर्वे यांच्या आश्रमाची झोपडी १९०० साली उभी राहिली, म्हणजे बिंगहॅमच्या खंडानंतर अवघ्या तीन वर्षांनी.

या जुन्या दप्तराची अडचण अशी की वर्णने कित्येकदा चार-सहा ओळींची आणि मुख्यतः रंगांची. टी. डी. ए. कॉकरेल या एकाच संशोधकाने मधमाश्यांना साडेपाच हजारांच्या आसपास नावे दिली. इतक्या घाईने चाललेल्या कामात सर्व नावे टिकणे शक्य नव्हते. म्हणून शब्दांवर न थांबता, ज्या एका नमुन्यावर नाव बांधले गेले तो होलोटाइप पाहावा लागतो, आणि भारतातील माश्यांचे असे पुष्कळ मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. आपल्या अंगणातील जिवाचा मूळ दाखला सातासमुद्रापार असावा याची मला खंत वाटते, आणि ती मी लपवीत नाही. आता निदान पुढल्यांसाठी कायदा आहे: २००२ च्या जैवविविधता अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार नव्याने आढळलेल्या जीवजातीची वर्दी देऊन तिचा नमुना नियुक्त संस्थेत जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे असून त्याचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीस आहे.

मला याहून मोठी चिंता वेगळीच आहे. कर्वेनगरातील बैठे बंगले पाडून इमारती होत आहेत. त्यांच्याबरोबर मेंदीचे कुंपण, भिंतीतील भोके, वाळलेल्या काटक्या आणि मोकळी माती जाते, आणि नेमक्या याच ठिकाणी एकांड्या माश्यांची बिऱ्हाडे असतात. रुजुवात होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. अंगण एका आठवड्यात जाते.

आमच्या माशीची रुजुवात पुरी झालेली नाही. मादी एका जुन्या वर्णनाशी जवळजवळ जुळते, परंतु ते वर्णन केवळ मादीचे. नर दुसऱ्याच नावाखाली नोंदलेल्या नराकडे झुकतो. दोन्ही नावे एकाच जीवाची असतील, तर धाकटे नाव रद्द होईल; नसतील, तर पुढचा विचार. तिने मूळ नमुन्यांच्या जबड्यांची आणि पोटाच्या टोकांची छायाचित्रे मागवणारे पत्र लंडनला धाडले आहे. तोवर पेटीत त्या दोघांच्या टाचण्यांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत महाराष्ट्र, पुणे, कर्वेनगर, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि ‘गुलाबाची पाने, बांबूतील घरटे’ एवढे लिहिले आहे. गुलाबाची छाटणी मी यंदा उशिरा केली. गच्चीच्या कठड्याला बांबूचे आणखी सहा तुकडे बांधले असून, त्यांतील दोहोंची तोंडे हिरवी झाली आहेत.