नाव चेसिसचं, झोप बॉडीतली

हुबळीच्या दुर्गदबैलात कापडाचा धंदा करणाऱ्यांना अधूनमधून मुंबई-सुरत गाठावीच लागते. त्यामुळे संध्याकाळी चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या गाडीपुढे उभं राहिलं, की बाजारभावाखालोखाल चर्चा रंगते ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सची. कोण वेळेवर सोडतो, कुणाचा एसी सकाळपर्यंत टिकतो, कुणाच्या गादीत ढेकूण नाहीत. शेवट मात्र ठरलेला. कुणीतरी हातातली मिरची मोडत निकाल देतो, "अहो, गाडी कुठल्या कंपनीची ते बघा. पुढे लोगो चांगला असला, की डोळे झाकून झोपा."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मिरचीपेक्षा तेच जास्त झोंबतं.

लोगो खोटा नसतो. पण त्यावरून कळतं ते एवढंच, की चेसिस कुणाची आहे. पुणे-बंगळुरू महामार्गावर तुम्ही पाहिलं असेल: नुसता सांगाडा धावतोय, वर छप्पर नाही, बाजूला पत्रा नाही आणि तोंडाला मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर उघड्यावर बसून तो हाकतोय. तीच कंपनीची 'गाडी'. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेक, स्टिअरिंग एवढं घेऊन ती निघालेली असते बॉडी बिल्डरच्या कारखान्याकडे. टाटा, अशोक लेलँड, आयशर, भारतबेंझ अशी नावं मिरवणाऱ्या कित्येक खासगी स्लीपर गाड्या अशाच दोन हातांनी घडतात. खांब, छप्पर, खिडक्या, बर्थ, एसीची नळी, चार्जिंगचं वायरिंग, इमर्जन्सी दरवाजा हे सगळं दुसऱ्या हाताचं काम. आणि तुम्ही रात्रभर झोपता ते त्या दुसऱ्या हाताच्या भरवशावर.

पटत नसेल तर फार लांब जायला नको, धारवाडला जा. टाटांनी 2006 साली ब्राझीलच्या मार्कोपोलोशी भागीदारी करून बसबॉडीसाठी वेगळी कंपनी काढली आणि तिचा कारखाना धारवाडात उभा केला. पुढे मार्कोपोलोने अंग काढून घेतलं आणि टाटांनी तो हिस्सा विकत घेतला. कारखाना आजही आहे. बॉडी बांधणं ही चेसिसची शेपटी असती, तर टाटांनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

आणखी घरचं उदाहरण हवं? आपली महाराष्ट्राची एसटी. चेसिस लेलँडची किंवा टाटांची. कित्येक गाड्यांची बॉडी दापोडी, हिंगणा आणि चिकलठाण्याच्या महामंडळाच्या कार्यशाळांत बांधलेली. अलीकडे महामंडळाने अ‍ॅल्युमिनियमची बॉडी सोडून पोलादी बॉडी धरली, तेव्हा जुन्या चेसिसवरही नव्या बॉडी चढल्या. इंजिन तेच, चाकं तीच, तरी अपघातात पत्रा कापत आत येणार की खांब तग धरणार, हे बदललं. लोगो जागचा हललासुद्धा नाही.

माझाच अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका नामवंत चेसिसच्या गाडीने पुण्याला निघालो. इंजिनाने एकदाही तक्रार केली नाही, मात्र कोल्हापूरपर्यंत अप्पर बर्थवर छपराच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. क्लीनर म्हणाला, "कंपनीची गाडी आहे साहेब, असं होत नाही." मी ओल्या चादरीकडे बोट दाखवलं.

यावर हमखास येणारं उत्तर: "मग संपूर्ण गाडी एकाच कंपनीची घ्या, प्रश्नच मिटला!" तेही अर्धंच खरं. अशी गाडी सहसा नीट बांधलेली असते, हे मान्य. पण 30 ऑक्टोबर 2013 ला आजच्या तेलंगणात पालेमजवळ 45 माणसं जळून गेली ती चेसिस-बॉडी एकाच कंपनीची असलेल्या व्होल्वोतच. त्यानंतर पंधरवड्यात, 14 नोव्हेंबरला, बंगळुरूहून मुंबईला निघालेली व्होल्वो आपल्या शेजारच्या हावेरीजवळ पेटली आणि 7 जण गेले. ठोकर बसल्यावर चांगली बांधणी तुम्हाला चार मिनिटं जास्त देते. त्या चार मिनिटांत बाहेर पडायची वाट मोकळी असावी लागते, आणि ती वाट कुठे आहे हे आतल्या माणसाला ठाऊक असावं लागतं.

वाटेचा मुद्दा महाराष्ट्राने फार महागात शिकला. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस डाव्या कुशीवर उलटली आणि पेटली. आपल्याकडे चढायचा दरवाजा डावीकडे असतो, म्हणजे तो जमिनीखाली दाबला गेला. 25 जणांचा जीव गेला. वाचले त्यातले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले. उजवीकडचा इमर्जन्सी दरवाजा, छपरातली झडप आणि काच फोडायचा हातोडा नियमात आहेत ते यासाठी. बर्थची संख्या वाढवण्यासाठी जो त्या दरवाजासमोर गादी टाकतो, त्याच्या चेसिसचं नाव मला सांगू नका.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

*पत्रा ठोकून आवाज जड आला, की गाडी मजबूत.* ताकद पत्र्यात नसते, आतल्या पाइपच्या चौकटीत असते. एआयएस-031 या मानकाच्या चाचणीत बॉडी 800 मिलिमीटर उंचीवरून कुशीवर पाडतात आणि माणसाच्या जागेत काही घुसत नाही ना, हे पाहतात.

*पडदे-गाद्या फायरप्रूफ आहेत, म्हणजे जळत नाहीत.* जळतात. आयएस 15061 एवढंच सांगतं, की ज्योत मिनिटाला 100 मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरू नये.

*धक्के बसत नाहीत, म्हणजे बांधणी उत्तम.* ती एअर सस्पेन्शनच्या फुग्यांची मेहरबानी; छप्पर गळकं असलं तरी फुगे मऊच असतात.

*एसी आहे, म्हणजे चांगली गाडी.* 14 ऑक्टोबर 2025 ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेली स्लीपर पेटली आणि वीसहून अधिक माणसं गेली. गाडीची नोंद नॉन-एसी म्हणून होती, एसी मागाहून बसवला होता, असं पुढे आलं.

*नागालँडची नंबरप्लेट म्हणजे बोगस गाडी.* बहुतेक वेळा कारण कराचं असतं. प्लेटवरून बांधणी बरी की वाईट, काहीच कळत नाही.

*फिटनेस आहे, म्हणजे काळजी नाही.* आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाची तपासणी दोन वर्षांतून एकदा होते, त्यानंतर दरवर्षी. मधल्या काळात कोणी कुठली वायर कुठे जोडली, हे त्या कागदावर दिसत नाही.

*काचेवर मधोमध घाव घातला, की ती फुटते.* कडक काचेच्या बाजूच्या खिडक्यांवर घाव कोपऱ्याजवळ घालायचा असतो. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते. तिच्या नादी लागू नका.

मग आपण बघायचं काय? निघण्याआधी मोबाइलवर गाडीचा नंबर येतो. तो एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला, की नोंदणी आणि फिटनेसची मुदत कळते. आत शिरताना बॉडी बिल्डरची पाटी शोधा. बहुधा ती दाराजवळ किंवा ड्रायव्हरच्या मागे असते. मधल्या वाटेत सामान रचलंय का, इमर्जन्सी दरवाजाचा दांडा हाताला लागतो का, आपल्या बर्थपासून हातोडा किती अंतरावर आहे, हे पाहा. चार्जिंगच्या सॉकेटजवळ जळका वास येत असेल, तर तिथे फोन लावू नका आणि ड्रायव्हरला सांगा. या सगळ्याला गिरमिट संपायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो.

डोळे रात्रभर झाकायचेच आहेत. गाडीत चढताना तेवढे उघडे ठेवा.