संप्रेरकांचा कारभार (भाग ६) : दुष्काळ रक्तात उतरतो तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण पाहिले, की धोका जाणवताच मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरते. साखर मोकळी होते, रक्तदाब चढतो. पचन, जखम भरणे अशी कामे मागे पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने उमरगा तालुका हादरला, तेव्हा ढिगारे उपसणाऱ्यांना याच यंत्रणेने उभे ठेवले. एरवी काम झाले की कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूला थांबायला सांगते. पण मुरुम परिसरातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा धोका टळतो कधी? २०१२ चा दुष्काळ, मग २०१४ आणि २०१५ ची लागोपाठ वर्षे. आटलेली बोअर, सोसायटीची थकबाकी, सावकाराचे व्याज, ऐन काढणीत पडलेला सोयाबीनचा भाव. यातले काहीच एका सकाळी संपत नाही. हा ताण म्हणजे मनाचा कच्चेपणा नव्हे. तो शरीराचा आजार घडवतो, असे माझे ठाम मत आहे.

कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागणाऱ्यांत साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ताणातली वाढ इतकी मोठी नसते, पण ती वर्षानुवर्षे चालते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ओहायोमधील एका अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावरची छोटी, मोजून केलेली जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. शिवाय निरोगी माणसात कॉर्टिसॉल सकाळी चढते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरते. दीर्घ ताणात हा चढउतारच सपाट होऊ लागतो. काहींत तर एकूण पातळी घटते. म्हणून एखाद्या सकाळचा रक्ताचा अहवाल नॉर्मल आला, एवढ्यावरून ताण नाही असे ठरत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पोटातला अल्सर ताणाने होतो असे दशकानुदशके सांगितले गेले आणि १९८२ मध्ये मार्शल व वॉरन यांनी त्यामागचा जंतू दाखवला. ते खरेच आहे, आणि ताणाला सर्व रोगांचे मूळ मानणाऱ्यांनी ते विसरू नये. पण हा जंतू पोटात असणाऱ्या बहुतेकांना अल्सर होत नाही. कोणाला होतो, यात इतर कारणांबरोबर ताणाचाही वाटा असतो. दुसरा आक्षेप गावात जास्त ऐकू येतो : आजोबांनी याहून हलाखी सोसली, त्यांना कुठे बीपी होता? बीपी मोजणारेच तेव्हा किती होते, हा प्रश्न आहेच. पण खरे उत्तर लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासांत आहे. सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही बरीच तफावत उरली. पुढच्या अभ्यासात कामावर स्वतःचा ताबा नसणे हे एक कारण पुढे आले. पाऊस, भाव, व्याज यांतले काय शेतकऱ्याच्या ताब्यात असते?

२०१५ साली शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळबरोबर आपल्याच जिल्ह्याची निवड झाली होती. शेतकऱ्याची विचारपूस हवीच. पण विचारपूस करणाऱ्याने त्याच भेटीत रक्तदाब मोजावा, साखर तपासावी आणि कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्जही भरून घ्यावा. तोही पेरणीच्या आधी.