गिटारच्या पोटातील वायरिंग : हातात डाक असलेल्यांसाठी नवे काम

लग्नसराई तोंडावर आली की सटाण्यात बँडवाले आणि बँजो पार्टीवाले यांची धावपळ सुरू होते. अशाच एका संध्याकाळी आम्ही गावातील एका जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात बसलो होतो. तेवढ्यात एक तरुण इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. म्हणाला, "चाचा, उद्या हळदीचा कार्यक्रम आहे आणि हिचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतोय. पार्टीची इज्जत तुमच्या हातात आहे."

चाचांनी गिटारच्या मागची पट्टी उघडली. आत कोणीतरी रेडिओचा दहा के चा व्हॉल्यूम कंट्रोल बसवला होता. चाचांनी तो काढून अडीचशे के चा बसवला, दोन ठिकाणी नव्याने डाक दिली आणि गिटार बोलू लागली. काम अर्ध्या तासाचे होते. पण त्या अर्ध्या तासात आम्हाला जे दिसले, ते आमच्या कारागीर बांधवांपुढे ठेवावे असे वाटते.

रेडिओ दुरुस्तीचा धंदा बसला. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले. मोबाइलचे सुटे भाग बदलले जातात, दुरुस्त होत नाहीत. मग डाक देणाऱ्या हाताने करायचे काय? वाद्यांची वायरिंग हे त्याचे एक उत्तर आहे.

पिकअप म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो लांबट डबा असतो, तो पिकअप. त्यात चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये अगदी थोडी वीज निर्माण होते. तीच अँप्लिफायरमध्ये मोठी होते. आपल्याकडील ज्या बँजोत चुंबकी पिकअप असतो, त्याचेही तत्त्व हेच. हा बँजो म्हणजे १९१२ साली जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा भारतीय भाऊ, हे अनेकांना ठाऊक नसेल.

पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांना कॉइल नवी नाही. फरक एवढाच की इथली तार इतकी नाजूक असते की नखाच्या धक्क्यानेही तुटते. म्हणून पिकअप उघडण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा दोष बाहेरच्या वायरिंगमध्येच सापडतो.

स्विचची करामत

गिटारला बहुधा दोन किंवा तीन पिकअप असतात. ब्रिजजवळच्या पिकअपचा आवाज धारदार, तर मानेजवळच्याचा भरीव. कोणता चालू ठेवायचा ते स्विच ठरवतो. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार आली, तेव्हा तिला तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच होता. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायला सुरुवात केली. अखेर १९७७ साली कंपनीनेच पाच जागांचा स्विच दिला. गिऱ्हाईक काय करते आहे याकडे डोळे उघडे ठेवले तर नवा माल सुचतो, हा धडा प्रत्येक व्यापाऱ्याने घ्यावा.

इंग्लंडच्या 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली. तिच्या तीन पिकअपना प्रत्येकी दोन स्विच आहेत, एक चालू-बंदचा आणि दुसरा फेज उलटवण्याचा. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला होता.

कामाची चार सूत्रे

पहिले, कंट्रोलची किंमत. एका कॉइलच्या पिकअपला अडीचशे के आणि दोन कॉइलच्या हमबकरला पाचशे के हा सर्वसाधारण नियम. कमी किमतीचा कंट्रोल लावला की तीक्ष्ण स्वर मरतात. टोनसाठी ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो.

दुसरे, जोडणी. समजा दोन पिकअप प्रत्येकी आठ के चे आहेत. एकामागोमाग जोडले तर सोळा के होतात आणि आवाज जाड व मोठा येतो. समांतर जोडले तर चार के होतात आणि आवाज स्वच्छ येतो. एका छोट्या स्विचने दोन्ही सोयी देता येतात.

तिसरे, फेज. दोन पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर एकाच्या तारा उलट्या आहेत असे समजावे. काट्याचा मीटर लावून पिकअपच्या चुंबकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून झटक्याने उचलावा. दोन्ही पिकअपवर काटा एकाच बाजूला हलला पाहिजे.

चौथे, घोंघावणे. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइल जोडून हा दोष मारला, तोच हमबकर. साध्या पिकअपच्या गिटारला मात्र आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो अर्थला जोडावा. बराच फरक पडतो.

जिवाशी गाठ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अँप्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात जनरेटर, ओली जमीन आणि तिसरी पिन कापलेला प्लग एकत्र आले, तर तारांना हात लावणारा वादक आणि त्याच्यापुढचा माइक यांच्यातून वीज वाहू शकते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच रंगमंचावरच मरण पावला. म्हणून गिटार परत देताना मेकॅनिकने पार्टीचा अँप्लिफायर आणि प्लगही मागून तपासावा. तेवढ्यासाठी वेगळे पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. कोणाच्या घरचा मुलगा सुखरूप परतला, ही कमाई लहान नाही.

हुन्नर बदलला तरी हात तोच

मिरजेच्या शिकलगारांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा गेला म्हणून ते कपाळाला हात लावून बसले नाहीत.

निघताना आम्ही चाचांना विचारले, "हे काम शिकलात कुठे?" ते हसून म्हणाले, "रेडिओ गेले, पण डाक देणारा हात कुठे गेला? पहिली गिटार उघडली तेव्हा कागदावर आधी नकाशा काढला, मगच तार सोडवली."

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आधी नकाशा, मग डाक. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावा आणि काय बदलले ते सांगावे. बँजो पार्टीवाले एकमेकांना ओळखतात. एका मंडपात गिटार नीट वाजली की पुढच्या मंडपातला माणूस पत्ता विचारत दुकानावर येतो.