दोन वर्षांचा संन्यास

एकोणीस-वीस हे वय आपल्या घरांतून मोठ्या जपणुकीचे मानले जाते. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. आई त्याचा डबा भरते, वडील फीची तजवीज करतात आणि तो मात्र आपल्याला कुणी समजून घेत नाही या दुःखात असतो. अशा मुलाला उद्या कुणी सांगितले, की दोन वर्षे घरी यायचे नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, शिक्षण बंद. कुठे जायचे ते दुसरे ठरवतील आणि खर्च मात्र तुझा तू करायचा, तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. अमेरिकेच्या यूटा राज्यात मात्र हे घरोघर घडते, आणि बोलावण्याचे पत्र येते त्या दिवशी घरात पेढे वाटावेत असा आनंद असतो.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे आम्ही या राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत राहिलो. तिथे पहिल्यांदा नवल वाटले ते तरुणांच्या भाषांचे. बँकेतल्या खिडकीमागचा मुलगा अस्खलित पोर्तुगीज बोले, गाडी दुरुस्त करणाऱ्याला फिलिपाइन्सची तागालोग येई. अमेरिकन माणूस म्हणजे इंग्रजीपलीकडे न पाहणारा, ही आमची समजूत तिथे पार मोडून पडली. चौकशी केली की उत्तर एकच येई : 'मी मिशनवर होतो.'

ज्यांना जग मॉर्मन म्हणते, त्यांच्या चर्चचे पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 2018 मध्ये तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सर्वांनी हेच पूर्ण नाव वापरावे असा आग्रह धरला. पण जुने नाव लोकांच्या जिभेवरून जाता जात नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने 1830 मध्ये हा पंथ स्थापला. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन' सिद्ध केले, असे त्याचे सांगणे होते. या लोकांचा पुढे फार छळ झाला. खुद्द स्मिथ 1844 मध्ये जमावाच्या गोळ्यांना बळी पडला, आणि 1847 मध्ये ब्रिगहॅम यंगच्या मागून त्याचे अनुयायी सॉल्ट लेकच्या उजाड खोऱ्यात येऊन वसले. मात्र प्रचारक बाहेर पाठवण्याची चाल अगदी पहिल्या वर्षापासूनची. 1837 मध्ये त्यांची पहिली तुकडी समुद्र ओलांडून इंग्लंडला पोहोचली होती. आज चर्चची सभासदसंख्या 1 कोटी 70 लाखांवर आहे आणि एका वेळी सत्तर हजारांवर प्रचारक जगभर फिरत असतात. मुलांना दोन वर्षे, मुलींना दीड. मुलांसाठी किमान वय पूर्वी 19 होते आणि मुलींसाठी 21. 2012 मध्ये ते अनुक्रमे 18 आणि 19 झाले आणि 2025 मध्ये मुलींनाही अठराव्या वर्षी जाण्याची मुभा मिळाली.

आमच्या शेजारच्या घरातला थोरला मुलगा 2014 मध्ये गेला. त्या काळी बोलावणे टपालाने, मोठ्या पांढऱ्या पाकिटातून येत असे. आजीआजोबा, मामामावश्या, आम्ही शेजारी असे सगळे जमल्यावर त्याने ते उभ्याने फोडले आणि वाचले : जपान, सेंदाई. घरात कुणालाही जपानीचा गंध नव्हता. आईने टाळ्या वाजवल्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

खर्चाचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या प्रचारकाकडून त्या काळी महिन्याला 400 डॉलर घेत, मग तो महागड्या जपानला जावो की स्वस्त देशात. 2020 पासून ही रक्कम 500 डॉलर झाली. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांना दोन वर्षांचे 9,600 डॉलर पडले. त्यातले निम्मे पोराने शाळेत असल्यापासून लोकांच्या अंगणातले गवत कापून साठवले होते.

आधी प्रोव्हो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात त्याचे नऊ आठवडे गेले. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच मोडक्यातोडक्या जपानीत प्रार्थना करायला लावतात. मग सेंदाई. तिथून दर सोमवारी त्याचे ईमेल येई आणि त्याची आई ते छापून आम्हालाही वाचायला देई. ही पत्रे मी दोन वर्षे न चुकता वाचली. घरी फोन करायची परवानगी तेव्हा वर्षातून दोनदाच होती : नाताळ आणि मे महिन्यातला मातृदिन. आठवड्याला फोन करण्याची मोकळीक 2019 मध्ये मिळाली.

त्या पत्रांतला दिवस असा. सकाळी साडेसहाला उठायचे. व्यायाम, आंघोळ, न्याहारी. मग धर्मग्रंथाचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास आणि वर जपानीचा अभ्यास. त्यानंतर पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि सायकलवर बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, साडेदहाला दिवा बंद. नावपट्टीवर आडनाव आणि त्याआधी 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ! मिसरूडही नीट न फुटलेल्या पोराला दोन वर्षे जग ज्येष्ठ म्हणून हाक मारते; त्याचे पाळण्यातले नाव तेवढा काळ मिटूनच जाते. चहा, कॉफी, दारू, तंबाखू तर त्यांना एरवीही वर्ज्य. सोमवार तेवढा मोकळा, तोही कपडे धुणे, बाजार आणि पत्रे यांत संपणारा.

सर्वांत कठीण नियम मला वाटला तो जोडीचा. प्रचारक कधी एकटा नसतो. जोडीदार वरचे लोक ठरवतात आणि सहा आठवड्यांनी बदलूही शकतात. तोवर चोवीस तास त्याच्याबरोबर. तो घोरतो, भांडी घासत नाही, तुमच्यावर रुसतो. पण त्याला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानातही जायचे नाही. सासरी गेलेल्या मुलीलाही आपल्याकडे माहेर असते; या मुलांना तेही नाही. 'देवावर प्रेम करणे सोपे आहे, माझा सध्याचा जोडीदार अवघड आहे,' असे थोरल्याने एका पत्रात लिहिले होते. आईने ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवले.

आणि मग दारे. जपानी माणूस तोंडावर दार आपटत नाही. तो किंचित वाकतो, 'केक्को देस' म्हणजे 'नको, राहू द्या' म्हणतो आणि दार हळू लावतो. दिवसाला अशी कितीतरी दारे. ईशान्य जपानची थंडी मोठी कडक. बर्फातून सायकल ढकलत जायचे आणि नकार घेऊन यायचे. लोक येत ते फुकटच्या इंग्रजी संभाषणवर्गाला. दोन वर्षांत त्याच्या हातून दोघांनी दीक्षा घेतली, त्यांतला एक पुढे यायचा थांबला. पण पत्रांत या दोघांपेक्षा जास्त मजकूर असे तो आकितातल्या एका एकट्या म्हाताऱ्याचा. ही जोडी त्याच्या दारापुढचा बर्फ उपसून देई. म्हाताऱ्याने पुस्तक कधी घेतले नाही. वळचणीला टांगून वाळवलेली काकीची फळे मात्र तो पिशवी भरून देई.

मला स्वतःला कुणी दाराशी येऊन धर्म सांगणे रुचत नाही, हे मी शेजाऱ्यांनाही सांगितले होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी माणसाला धर्मांतर एखाद्या संसाराला कसे उभे चिरत जाते, हे वेगळे सांगायला नको. हे मॉर्मन प्रचारक आपल्याकडेही फार पूर्वी येऊन गेले आहेत. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि तिथून पुण्यास गेला. लष्करी अधिकाऱ्यांच्या विरोधात त्याने तिथे मूठभर लोकांची शाखा काढलीही. पण हिंदुस्थानातला तो सगळा उद्योग काही वर्षांतच आटोपला.

तरीही मिशनऱ्यांचा इतिहास नुसत्या दीक्षांच्या आकड्यांत मावत नाही, हे आपणच जाणतो. फादर स्टीफन्स धर्मप्रसारासाठी गोव्यात आला आणि 'क्रिस्तपुराण' लिहून मराठीचा होऊन गेला. अमेरिकन मराठी मिशनचा जस्टिन ॲबट इथे ख्रिस्त सांगायला आला आणि उतारवयात अमेरिकेला परतल्यावर आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत उतरवत बसला. दुसऱ्याला बदलायला निघालेला माणूस त्याची भाषा शिकता शिकता स्वतःच थोडा बदलतो. जपानी दूरचित्रवाणीवर घरोघर पोहोचलेले केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकॉट हे दोघे अमेरिकन मूळचे असेच मॉर्मन प्रचारक. चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झालेले जॉन हंट्समन चिनी भाषा शिकले ती तैवानच्या मिशनवर.

थोरला 2016 मध्ये परत आला. विमानतळावर फलक, फुगे, पन्नासेक माणसे. तो आईला भेटताना वाकून नमस्कार करावा तसा वाकला आणि सगळे हसले. इथवरची गोष्ट आनंदाची आहे. पण त्या घरात धाकटाही होता. वर्षभराने तो गेला, दक्षिण अमेरिकेत. आणि चौथ्या महिन्यात परत आला. झोप उडाली होती, छाती धडधडे, दार वाजवायला हात उचलत नसे. डॉक्टरांनी घरी पाठवा म्हटले. त्या वेळी विमानतळावर आईवडील तेवढे होते. गल्लीत कुणी वाईट बोलले नाही. कुणी काहीच बोलले नाही, आणि तेच त्याला जास्त लागले. पुढचे वर्षभर तो आमच्या मागच्या अंगणात येऊन बसे, कारण आम्ही त्याच्या धर्माचे नव्हतो आणि आम्हाला त्याचा हिशेब नको होता. माझी बायको त्याला कोकम सरबत देई. चहा तो अजूनही पीत नव्हता. श्रद्धा त्याची गेली नव्हती. गेला होता तो लोकांपुढे मान वर करून उभे राहण्याचा धीर. तो परतायला फार दिवस लागले. आता तो रुग्णालयात परिचारक आहे, आणि रात्रपाळी मागून घेतो असे त्याच्या आईने कळवले. झोप न लागणाऱ्या माणसांशी त्याला बोलता येते म्हणे.

त्या लोकांचे तत्त्वज्ञान मला पटलेले नाही आणि माझ्या मुलाला मी असा पाठवणारही नाही. पण एक गोष्ट मनात राहून गेली. विशीच्या आतल्या पोराला परक्या गावात परक्या भाषेत अडखळायला लावणे, कुणाचा तरी बर्फ उपसायला लावणे आणि नकार पचवून दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठायला लावणे, हे शिक्षण आपल्याकडे कुठल्या प्रवेशपरीक्षेत बसत नाही. आपण पोरांकडून गुण मागतो, अनुभव मागत नाही. आणि मागितलाच कधी, तर धाकट्याचीही आठवण ठेवावी. जो पुरी दोन वर्षे काढून येतो त्याच्या स्वागताला माणसे आपोआप जमतात. जो चौथ्या महिन्यात परततो, त्याला आणायला कुणी जायचे हे घराने, गल्लीने आणि समाजाने आधी ठरवावे. मगच पोराला इतक्या लांब धाडावे.