वस्तू जुन्या, ज्ञान मात्र नवे हवे

जुनी पोथी हाताळणारा वस्तुसंग्रहालयातील कर्मचारी म्हटला की पांढरे सुती हातमोजे डोळ्यांसमोर येतात. कागदाच्या बाबतीत मात्र हा दंडक आता मागे पडला आहे. हातमोज्यांमुळे बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कडा सुतात अडकून फाटतात. म्हणून स्वच्छ धुतलेले, कोरडे हातच अधिक सुरक्षित मानले जातात. धातूच्या वस्तूंना मात्र घामातील क्षार बाधतात. तेथे हातमोजे हवेतच.

सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांनाही पुन:पुन्हा प्रशिक्षण का हवे, याचे उत्तर या छोट्याशा बदलात आहे. कालचा उपाय आज अपाय ठरू शकतो. फाटलेल्या पानावरील चिकटपट्टीचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागदात मुरतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर १९२० च्या दशकात संरक्षणासाठी दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला आणि मूळ रंगच झाकोळले. तो काढण्याचे किचकट काम नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला आले.

कॅनडाच्या संवर्धन संस्थेने ऱ्हासाची दहा कारणे मांडली आहेत : आघात, चोरी, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, अयोग्य तापमान, अयोग्य आर्द्रता आणि नोंदींची ताटातूट. यातील शेवटचे कारण सहसा दुर्लक्षित राहते. वस्तूवरील क्रमांक पुसला, नोंदवही हरवली, की वस्तू असूनही तिची ओळख संपते.

लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळा या विषयाचे प्रशिक्षण देते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही कलासंवर्धन केंद्र आहे. परंतु प्रशिक्षण केवळ अभिरक्षकांपुरते राहून चालत नाही. दालन झाडणारा, पेटी उचलणारा कर्मचारीच कपाटातील भुसा, भिंतीवरील ओल सर्वप्रथम पाहतो. सुरई कानाला धरून न उचलता तळाला आधार देऊन उचलावी, हे त्यालाच ठाऊक असावे लागते.

यातील बऱ्याच गोष्टींना फारसा खर्चही येत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की बुरशीचा धोका वाढतो. पावसाळ्यात तिची रोज नोंद ठेवता येते. वस्त्रे व जलरंगातील चित्रांवरील प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवता येतो. एकदा उडालेला मूळ रंग मात्र कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही.