संग्रहालयाचे दार आणि तृतीयपंथी

व्यासपीठावर उभे राहिले की ‘बंधु-भगिनींनो’ हे शब्द आमच्या तोंडून आपोआप निघत. तीस वर्षे कामगारांच्या द्वारसभा घेतल्या, त्यात जडलेली ही सवय. एकदा सभा संपल्यावर कोपऱ्यात उभी असलेली एक तृतीयपंथी सफाई कामगार जवळ आली आणि म्हणाली, “दादा, तुमच्या या हाकेत मला कुठं धरायचं?” आम्हांस उत्तर सुचले नाही. आमच्या मनात वाईट काही नव्हते. तरी एक माणूस हाकेबाहेर राहिले होते. संग्रहालयांचेही असेच होते.

तृतीयपंथी हा शब्द आम्ही येथे व्यापक अर्थाने घेतो. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही, अशी सारी माणसे त्यात येतात. हिजडा परंपरेतील गुरु-चेले आले, यल्लम्माचे जोगते आले, आणि जन्मदाखल्यावर मुलगी म्हणून नोंद असलेला, चारचौघांसारखा कचेरीत जाणारा पुरुषही आला. त्याच्याकडे तर आपले लक्षच जात नाही.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयांत आणि संग्रहालयांत झाले. पण तरुणपणी कामाच्या कपड्यांनिशी एका संग्रहालयात गेलो, तेव्हा पहारेकरी दालनादालनांतून आमच्या पाठीमागे चालत राहिला. तिकीट काढलेले होते, त्याने हाकललेही नाही. अर्ध्या तासात आम्हीच बाहेर पडलो आणि पुढे कित्येक वर्षे त्या बाजूस फिरकलो नाही. हा अपमान नुसत्या नजरेचा होता. तृतीयपंथी माणसाला नजरेच्या आधी झडतीची रांग लागते. रांगा दोनच, पुरुषांची आणि स्त्रियांची. ओळखपत्र मागितले तर त्यावरचे नाव एक आणि समोरचा चेहरा दुसरा. हे सारे पार पडले तरी तीन तास दालने पाहायची आणि शौचाला कोठे जायचे? ज्याला दोन्ही दारांवर शिवी मिळण्याची धास्ती आहे तो पाणी न पिता हिंडतो, किंवा घरीच राहतो.

उपाय अवघड नाहीत. झडती कोणी घ्यावी हे त्या व्यक्तीसच विचारावे. ती सांगेल त्या नावाने तिला हाक मारावी. आतून कडी लागणारी एक स्वतंत्र खोली शौचासाठी ठेवून ‘कोणीही वापरावी’ अशी पाटी लावावी. तान्हे मूल घेऊन आलेल्या बाईला आणि म्हाताऱ्या बापाला घेऊन आलेल्या मुलीलाही ती उपयोगी पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपली लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याने सार्वजनिक सोयींत व नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. म्हणजे हा मेहेरबानीचा प्रश्न नव्हे.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्था शिबिरे भरवितात, त्यांना बसतात अभिरक्षक आणि अधिकारी. पाहुण्याला पहिला भेटतो तो दारावरचा पहारेकरी, आणि तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. आज येथे, सहा महिन्यांनी दुसरीकडे. बारा तास उभा, बसायला स्टूल नाही, आणि ज्या दालनाची राखण करतो त्यात काय मांडले आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ज्याला संस्थेने आपले म्हटले नाही, त्याने संस्थेच्या वतीने परक्याचे स्वागत कसे करावे? शिबिरात पहिली खुर्ची त्याला द्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.

दारातून आत आल्यावर भिंतीवर काय दिसते, हा पुढचा प्रश्न. घारापुरीच्या मुख्य लेण्यात दक्षिण भिंतीवर त्रिमूर्तीशेजारी अर्धनारीश्वर आहे. ‘आमच्या संस्कृतीत हे सारे होतेच’ असे म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. देवाच्या मूर्तीवरून माणसाला मिळालेली वागणूक सिद्ध होत नाही, असे आमचे मत आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदाही आमच्याच इतिहासातला. त्याच्या एका भागाखाली ‘युनक’ म्हणून माणसांच्या याद्या करण्याची तरतूद होती. यादीतला माणूस स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला किंवा नाचला, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करण्याची, मूल दत्तक घेण्याचीही त्याला बंदी. पोलिसांनी लिहिलेल्या अशा कागदांवरून इतिहास मांडला, तर दालनात पोलीसच बोलत राहणार.

इंग्लंडात ब्रायटन येथे २०१४ पासून याच्या उलट पद्धतीने एक संग्रह उभा राहिला. तृतीयपंथी माणसांनी आपल्या साध्या वापरातल्या वस्तू दिल्या आणि प्रत्येक वस्तूला स्वतःच्या अक्षरात लिहिलेली तपकिरी चिठ्ठी बांधली. आपल्याकडे कर्नाटकात जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती २०१९ साली राज्याच्या जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. २०२१ ची पद्मश्री त्यांना मिळाली. कलावंत म्हणून नाचवणे निराळे, आणि कोणाची कला जपायची हे ठरविणाऱ्या खुर्चीवर बसविणे निराळे.

आमच्या भागातल्या संग्रहालयांत चौंडके असते, यल्लम्माचा जगही असतो. खाली वस्तूचे नाव असते. वाजविणाऱ्या जोगत्याचे नसते. जे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन चिठ्ठी त्यांच्याकडूनच लिहवून घ्यावी. लिहिता येत नसेल तर सांगतील तसे उतरून घ्यावे, वाचून दाखवावे, आणि त्या कामाचा मेहनताना द्यावा. वस्तू मिळाल्याच्या पावतीवर देणाऱ्याचे नाव कोणते घालायचे, तेही विचारूनच लिहावे.